मण्यारीच्या रात्री विचारायला वेळ नव्हता, आता आहे

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील गाळून):

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराचं पत्र आहे. वय 44, पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. पत्नी 39 वर्षांची. दोन लेकरं, थोरली मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. वर्षभरापासून पत्नीला पाळीत अंगावरून फार जातं, मधूनमधून पांढरं जातं, कंबर धरते. तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि रक्त तपासून सांगितलं, की पिशवीला सूज आहे, तोंडाशी जखम आहे, एक बारकी गाठ आहे. पुढं कॅन्सरची भीती, तेव्हा पिशवी काढून टाकलेली बरी. हिमोग्लोबिन 8.2 आहे. खर्च 45 हजार. मृग लागायच्या आत बाई हिंडूफिरू लागावी, या हिशेबानं पंधरा दिवसांनंतरची तारीख ठरली आहे.

मुलगी फोनवर म्हणते, दुसरीकडं दाखवल्याशिवाय हात लावू देऊ नका. कास्तकाराची आई म्हणते, "लेकरं झाले, आता पिशवीचं काय काम? गावात किती बायाइनं काढली." अडचण अशी, की हे तेच डॉक्टर आहेत. 2012 साली या भावाला मण्यार चावली तेव्हा रात्री दोन वाजता दार उघडून त्यांनी इंजेक्शनं लावली, स्वतःच्या गाडीत घालून यवतमाळला नेलं आणि पैसे कापूस विकल्यावर घेतले. पत्राचा शेवट असा: "ज्यानं जीव वाचवला त्याच्यावर संशय घ्यायचा कसा? अन् नाही घेतला आणि उद्या काही चुकलं, तर पोरीला काय तोंड दाखवू?"

*

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मण्यारीच्या रात्रीत गुंतले, दुसऱ्यांदा सोनोग्राफीच्या रिपोर्टात. तिसऱ्यांदा ध्यानात आलं, की या पत्रात सगळे बोलतात. डॉक्टर बोलतात, तुमची माय बोलते, मुलगी भांडते, गावातल्या बायांचे दाखले येतात. जिची पिशवी काढायची ती मात्र एकदाही बोलत नाही. तिला किती त्रास होतो ते तुम्ही मायेनं लिहिलंत, पण तिला काय वाटतं ते लिहिलं नाहीत. टोचायला म्हणून हे सांगत नाही. काळजी नसती तर तुम्ही कागद-पेन घेऊन बसलाच नसता. एवढं मनाच्या कोपऱ्यात राहू द्या, मी तिच्याकडं परत येणार आहे.

आधी उपकाराचं बोलू, कारण तुमचा पाय तिथं अडकलाय.

मण्यारीचं विष नसांवर चालतं. पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं आणि मग श्वास बंद पडतो. चावल्याची खूणसुद्धा पुष्कळदा नीट दिसत नाही. त्या रात्री तुमच्या घरच्यांनी "आधी दुसऱ्याला विचारून येतो" म्हटलं असतं किंवा मांत्रिकाच्या ओट्यावर नेलं असतं, तर हे पत्र मला आलं नसतं. साप चावला, फवारणीचं औषध अंगात गेलं, छातीत कळ येऊन घाम फुटला, तोंड वाकडं होऊन एक बाजू लुळी पडली, बाळंतीण अडली, अशा वेळी जो पहिला डॉक्टर भेटेल त्याचं ऐकायचं, 108 ला फोन करायचा आणि निघायचं. तिथं दुसरं मत शोधत बसणाऱ्याच्या हातून वेळ जातो आणि वेळेबरोबर माणूस.

पिशवीचं ऑपरेशन त्यातलं नाही. पंधरा दिवसांनंतरची तारीख डॉक्टरांनीच दिली, म्हणजे त्यांच्याही मते आज-उद्यात जिवाला धोका नाही. जे काम मृगाच्या सोयीनं ठरवता येतं, ते विचारूनही करता येतं.

तुम्ही "संशय" हा शब्द वापरलात. मला तोच खटकला. कापूस भरलेली गाडी घेऊन तुम्ही निघता तेव्हा पहिल्या व्यापाऱ्याच्या दारात ती खाली करता का? जिनिंगवर विचारता, सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा किती धरतात ते पाहता, सोयऱ्याला फोन लावता. त्यात व्यापारी चोर आहे असं तुम्ही म्हणत नसता. डॉक्टर काही व्यापारी नव्हेत, उदाहरण ओढून आणलंय हे मला कळतं. पण कापूस एका हंगामाचा असतो आणि पिशवी एकदा काढली की काढली. तिथं कमी विचारायचं, हा हिशेब मला कधी उमगला नाही.

उपकार खरा आहे. तो तुमच्या जिवावरचा आहे, तुम्ही जन्मभर माना. दिवाळीला त्यांच्या घरी तुरीची डाळ नेऊन द्या. पण तो तुम्ही फेडायचा आहे, बायकोच्या शरीरातून नव्हे. जरा कडक बोलले, पण हे मऊ शब्दांत सांगता येत नाही.

आता रिपोर्टाकडं येऊ. मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी केली, अर्धी हयात बायांच्या वॉर्डात गेली. तेव्हा तपासल्याशिवाय तुमच्या पत्नीला काय झालंय हे मी सांगणार नाही, आणि कागदावरून जो कुणी खात्रीनं सांगेल त्याच्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पण तुम्ही लिहिलेल्या शब्दांचे अर्थ सांगते. आपल्याकडं बाया निम्म्या त्या शब्दांनाच भिऊन टेबलावर चढतात.

"पिशवीला सूज" म्हणजे बहुधा रिपोर्टात पिशवी आकारानं थोडी मोठी लिहिलेली असते. बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणं हे नेहमीचं आहे. ते वर्णन झालं, तेवढ्यावरून रोग ठरत नाही. "तोंडाशी जखम" म्हणतात ती बहुतेक वेळा खरी जखम नसते. पिशवीच्या तोंडाच्या आतली नाजूक त्वचा बाहेरच्या बाजूला आल्यानं तो भाग लाल दिसतो, आणि त्या लालीचा आपोआप कॅन्सर होत नाही. पण ती लालीच आहे, दुसरं काही नाही, याची खात्री तपासणीनं करून घ्यायची असते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आपल्या बायांमध्ये आहे आणि तो हसण्यावारी नेण्यातला नाही. त्यासाठी पॅप स्मिअर असते, म्हणजे तोंडाच्या पेशी हलक्या हातानं खरवडून घेऊन तपासतात. दुसरी एक साधी तपासणी आहे, तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते पाहायची. ती सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमातच आहे, तिशी ओलांडलेल्या बायांसाठी. तुमच्या पत्रात या दोन्हींपैकी कशाचाच उल्लेख नाही. तुमच्याकडून राहिला असेल. केलीच नसेल, तर तुमचा पहिला प्रश्न तयार आहे: "साहेब, कॅन्सरची भीती म्हणता, तर त्याची तपासणी कोणती केली?"

बारकी गाठ, म्हणजे फायब्रॉइड, तर इतक्या बायांना असते की पुष्कळींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. ती कॅन्सरची असणं फार फार दुर्मीळ. पाळी गेल्यावर बहुधा आपणच आक्रसते. कुठं आहे आणि केवढी आहे, यावर त्रास ठरतो. पिशवीच्या आतल्या बाजूला असेल तर लहान असूनही रक्त जास्त जातं. म्हणून रिपोर्टातला आकडा आणि जागा दोन्ही वाचून घ्या.

पांढरं जाणं पुष्कळदा जंतुसंसर्गाचं असतं आणि तो गोळ्यांनी बरा होतो. कधीकधी नवऱ्यालाही सोबत गोळ्या घ्याव्या लागतात. इथं पुष्कळ भाऊ पान उलटतात, तुम्ही उलटू नका. आणि कंबर? दिवसभर वाकून कापूस वेचायचा, ओटीतलं ओझं वागवायचं, संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घ्यायचं, घरी येऊन पाणी भरायचं. पिशवी काढल्यावरही कंबर तशीच दुखते म्हणून परत आलेल्या किती बाया मी पाहिल्या, त्याची मोजदाद ठेवली नाही.

खरा आजार मला दिसतो तो हिमोग्लोबिनचा आकडा. बाईला 12 हवं, तुमच्या पत्नीला 8.2 आहे. एवढ्या रक्तावर ती वेचणी, स्वयंपाक, गोठा सगळं ओढते आहे. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आधी रक्त वाढवावं लागतं, मग टेबल. पंधरा दिवसांत ते किती वाढणार, हेही विचारा. लोहाच्या गोळ्या आहेत, गरज पडली तर शिरेतून देतात. आणि रक्त जाणं कमी करायला गोळ्या आहेत, हार्मोनच्या आहेत आणि हार्मोनशिवायच्याही. पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे, बाया त्याला कॉपर-टीच म्हणतात, पण ते वेगळं, पाच-सहा वर्षं चालतं आणि पुष्कळ जणींचा रक्तस्राव पार कमी करतं. थायरॉइड बिघडल्यानंही पाळी बिघडते, ती एक रक्ताची तपासणी. या वयात गरज वाटली तर डॉक्टर पिशवीच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. एवढं सगळं करून पाहिलं आणि तरी उतार पडला नाही, तर पिशवी काढणं हा रास्त उपाय आहे.

हो, आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण मुलीच्या फोनवरून तुम्हाला वाटलं असेल की पिशवी काढणं म्हणजे लुबाडणूकच. तसं नाही. कॅन्सर निघाला, कॅन्सरच्या आधीचे बदल निघाले, मोठ्या गाठींनी रक्त थांबेना, अंग बाहेर येऊन बसता-उठता येईना, अशा वेळी पिशवी काढल्यानं बाई पुन्हा माणसात येते. मी तेही पाहिलंय. प्रश्न एवढाच, की आधीच्या पायऱ्या चढल्या की थेट माडीवर.

तुमची माय म्हणते, आता पिशवीचं काय काम. लेकरांसाठी काम नसेल. पण पिशवीसोबत अंडाशयही काढतात का, हे तिला माहीत नसावं. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढली तर बाईची पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. अंगाची लाही, झोप नाही, पुढं हाडं ठिसूळ, हृदयाच्या दुखण्याचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी काहींची पाळी जाण्याची वेळ थोडी अलीकडं येते. शेतात राबणाऱ्या बाईला हाडांचं मोल तुम्हाला मी काय सांगू. तेव्हा "काय काय काढणार?" हा प्रश्न सहीच्या आधीचा आहे. आणि ऑपरेशननंतर किमान दीड-दोन महिने जड उचलायचं नसतं. मृगाआधी उरकलं तरी पेरणीला ती मोकळी होणार नाही. तुमचा हिशेब तिथं चुकलाय.

गावातल्या किती बायांनी काढली, याचा दाखला मी धरत नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या सर्रास काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच तक्रारींवर एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं, अनावश्यक ऑपरेशनं थांबावीत म्हणून. तुमचे डॉक्टर त्यातले आहेत असं मी म्हणत नाही. पण "सगळ्याच काढतात" हे ऐकून निर्धास्त व्हायचं की सावध व्हायचं, ते तुम्हीच बघा.

आता तिच्याकडं येते.

कदाचित तुमच्या पत्नीलाच पिशवी नको झाली असेल. असं असतं, भाऊ. वेचणीची मजुरी किलोवर, पाळीचे चार दिवस बसलं तर तेवढी मजुरी गेली. पऱ्हाटीच्या ओळीत आडोसा नाही, कापड बदलायला जागा नाही, धुऱ्यावर पाणी नाही. अशी बाई डॉक्टरांनी "काढून टाकू" म्हणताच सुटल्यासारखा श्वास सोडते. तिला सुटका हवी असते, आणि सुटकेचा एकच रस्ता तिला दाखवलेला असतो. गोळ्यांनी किंवा त्या साधनानं रक्त आटोक्यात येऊ शकतं, हे तिला कुणी सांगितलंय का? की ती घाबरलीय आणि सासूपुढं बोलत नाही? की पुरुष डॉक्टरांपुढं तिनं अर्धंच सांगितलं? संबंधानंतर रक्त जातं का, हा एक प्रश्न त्या तपासणीत फार महत्त्वाचा असतो आणि नवरा-सासू शेजारी उभे असताना त्याचं उत्तर देणारी बाई मला क्वचित भेटली.

सहीचंही सांगते. 44 वर्षांची एक बाई फक्त तपासणीसाठी दुर्बीण घालून घ्यायला गेली होती. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी 2008 च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की बाई सज्ञान आहे, तातडीनं जीव वाचवायचा प्रश्न नव्हता, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती चालत नाही आणि तपासणीची संमती ऑपरेशनची होत नाही. म्हणजे तुमच्या घरातही ही सही तुमच्या पत्नीची आहे. तुमची नाही, तुमच्या मायची तर नाहीच. आणि कागद मराठीत समजावून सांगितल्यावरची सही.

डॉक्टरांशी बोलायचं कसं, ही तुमची खरी भीती आहे. मला वाटतं, पहिलं "दुसरं मत" पहिल्याच डॉक्टरांकडून घ्यावं. ओपीडीच्या गर्दीत नको. दुपारी गर्दी ओसरली की दोघं जा. तिला बोलू द्या. म्हणा, "साहेब, तुम्ही आमच्या घरचेच, म्हणून मोकळं विचारतो. तीन महिने थांबलो आणि गोळ्या घेतल्या तर काय होईल?" या एका प्रश्नाच्या उत्तरात पुष्कळ कळतं. चांगला डॉक्टर सांगेल की थांबल्यानं काय होऊ शकतं, काय नाही, कोणती खूण दिसली तर धावत यायचं. "थांबलात तर कॅन्सर, मग माझ्याकडं येऊ नका" असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच आहे. ऑपरेशन कोण करणार तेही विचारा. ते स्वतः, की बाहेरून येणारे स्त्रीरोगतज्ज्ञ? भूल कोण देणार? रक्त लागलं तर कुठून आणणार? मण्यारीच्या रात्री हिमतीनं उभा राहणारा डॉक्टर पिशवीच्या बाबतीतही शेवटचा शब्द असतोच असं नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक असतं.

पुष्कळ जण विचारतात, "तुमच्या घरच्या बाईला असतं तर काय केलं असतं?" मला हा प्रश्न आवडत नाही. त्यानं डॉक्टर भावनेत येतो नाहीतर चिडतो, आणि तुमच्या हाती माहिती काहीच लागत नाही. थांबलो तर काय, हाच प्रश्न धरा.

आणि मग चिठ्ठी मागा. "पोरगी नर्सिंगला आहे, तिचा जीव लागत नाही. एकदा सेवाग्रामला दाखवून येतो, चिठ्ठी द्याल का?" आपल्या भागात चिठ्ठी मागण्यात अपमान नाही. डॉक्टर रोज चिठ्ठ्या देतात. पोरीच्या नावावर ढकललंत तरी चालेल, ती रागावणार नाही. चिठ्ठी नाही दिली तरी अडत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद केली, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ती राज्यांना पाठवली. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा आणि आपले कागद मिळण्याचा हक्क तिच्यात लिहिलेला आहे. महाराष्ट्रात 2021 पासून खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, असा नियम आहे. पुढच्या वेळी गेलात तर भिंत बघा. पण हक्काची भाषा पहिल्याच दिवशी बोलू नका. ती कुऱ्हाड आहे, चुलीसाठी काडी मोडायला लागत नाही.

जायचं कुठं? माझा एकच नियम आहे: ऑपरेशन झालं काय, न झालं काय, ज्याच्या मिळकतीत फरक पडत नाही त्याला विचारा. म्हणून मी सरकारी किंवा मेडिकल कॉलेजचा दवाखाना सांगते. तुम्हाला यवतमाळचं वसंतराव नाईक मेडिकल जवळ. वर्ध्याजवळ सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. तिथलं कॉलेज 1969 साली खेड्यांसाठीच म्हणून सुरू झालं आणि विदर्भातल्या कास्तकाराला त्या आवारात परकं वाटत नाही. नागपूरला मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे, मुलगीही तिथंच आहे. पण यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर आणि वर्धा त्याच्या निम्म्यावर. एवढं रक्त कमी असलेल्या बाईला घेऊन एसटीनं जायचं, तर जवळचं बरं. तिचं तिकीट अर्धं लागेल. गर्दीला तयार राहा, सकाळी लवकर केसपेपर काढा, डबा सोबत ठेवा. रक्त जात नसेल अशा दिवसांत जा, म्हणजे आतून तपासणी आणि पॅप स्मिअर होईल. बाई डॉक्टर हव्या असतील तर खिडकीवरच सांगा. शिधापत्रिका आणि आधार जवळ असू द्या. पुढं ऑपरेशन ठरलंच तर जनआरोग्य योजनेत बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येईल. 45 हजारांसाठी कुणापुढं हात पसरायच्या आधीची ही पायरी आहे.

कागद सगळे न्या: सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही, रक्ताचे रिपोर्ट, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणि दिवसाला किती कापडं बदलली, हे एका चिठ्ठीवर लिहा. मात्र दवाखान्यात बसल्याबरोबर फाईल पुढं सरकवून "आमच्या डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली" म्हणू नका. आधी तिनं आपला त्रास सांगावा, डॉक्टरांनी तपासावं, मग कागद द्या. पहिलं मत लपवायचं नाही, पण त्याच्यानंच सुरुवात केली की दुसरा माणूसही त्याच वाटेनं चालतो.

दुसरे डॉक्टर पहिल्यांसारखंच म्हणाले तर? माझ्या मोठ्या बहिणीचं तसंच झालं. पित्ताशयात खडे, कळा यायच्या, गावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आम्ही दुसरीकडं नेलं, तिथंही तेच सांगितलं. मग तिनं करून घेतलं. भाडं गेलं, एक दिवस गेला. मिळालं काय, तर ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती झोपली.

दोघांचं पटलं नाही तर मतं मोजायला बसू नका. "असं का म्हणता?" हे दोघांना विचारा आणि कोणती तपासणी केली की वाद मिटेल ते विचारा. बहुधा त्या तपासणीतच उत्तर असतं. तिसऱ्या डॉक्टरपर्यंत एक वेळ चालेल, पाचव्यापर्यंत नाही. हवं ते ऐकू येईपर्यंत फिरणं म्हणजे दुसरं मत नव्हे. आमच्या वॉर्डात एक बाई आली होती, स्तनात गाठ. पहिल्या डॉक्टरनं तुकडा तपासा म्हटलं, म्हणून दुसरा गाठला, मग एक वैदू, मग मोबाईलवरचा कुणी. "दुखत नाही ना, मग काही नाही" म्हणणारा माणूस तिला भेटत गेला. आली तेव्हा गाठ फुटलेली होती. तेव्हा तारीख घालून घ्या: महिन्याभरात दुसरं मत, तपासण्या आणि निर्णय.

या महिन्यात तासाला एक कापड भिजू लागलं, चक्कर येऊन पडली, धाप लागली, तर मत-बित विसरा आणि जवळचा दवाखाना गाठा. तुमच्याच डॉक्टरांचा असेल तर त्यांचा. संबंधानंतर रक्त, घाण वास, उतरत चाललेलं वजन यातलं काही असेल तर महिना नको, याच आठवड्यात निघा.

ऑपरेशनची तारीख मोडायची हिंमत होत नसेल, तर मोडू नका, पुढं ढकला. "रक्त कमी आहे, आधी वाढवून घेतो" हे कारण खरं आहे आणि कुणालाही डॉक्टरांपुढं मान खाली घालायला लावत नाही. लोहाच्या गोळ्या त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी, माय झोपल्यावर, बायकोला एवढं विचारा, की डॉक्टरांच्या खोलीत मी सोबत येऊ की बाहेर बसू. बाहेर म्हणाली तर बाहेर बसा.